कर आमचा, गटार मात्र ‘योजने’तून!

गेल्या पंधरवड्यात मराठवाड्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीतील बौद्ध वस्तीतून पाच-सहा माणसे आमच्याकडे आली. प्रत्येकाच्या हातात मालमत्ता कराचे बिल होते. त्यातील एका आजीचे घर म्हणजे पुढे पत्र्याची एक खोली आणि मागे विटांची एक. नातवाने पुढच्या खोलीच्या खिडकीत बिस्किटे-साबणाचे छोटे दुकान टाकलेले. बिलात त्या संपूर्ण घराची नोंद ‘व्यापारी’ आणि बांधकाम ‘आर.सी.सी.’! आजी म्हणाल्या, “वकीलसाहेब, दिवाबत्तीचा कर लावलाय, पण आमच्या गल्लीत खांब हाय, दिवा न्हाई. नगरपालिकेत इचारलं तर म्हणले, दलित वस्तीचा निधी आला की बसवू.”

वाचकहो, आजींना नगरपालिकेने दिलेले हे उत्तर नीट ऐका. दिवाबत्तीचा कर घेतला तो सर्वसाधारण नागरिक म्हणून, आणि दिवा देणार तो मात्र दलित म्हणून, तोही निधी आला तर. घेताना कायदा आणि देताना उपकार! महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांचा आमच्या वस्त्यांशी असलेला व्यवहार या एका उत्तरात सापडतो. ही बाब एका वस्तीच्या एका खांबाची नाही, म्हणूनच आज ती या स्तंभात घेत आहोत.

महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा नगरपरिषदेचा मूळ कायदा. त्याचे कलम ४९ परिषदेची कर्तव्ये सांगते. रस्त्यावर दिवे लावणे, रस्ते व गटारे साफ ठेवणे, नाल्या बांधणे, पिण्याचे पाणी पुरविणे ही तिची बंधनकारक कर्तव्ये आहेत. त्याच कायद्याचे कलम १०५ परिषदेला मालमत्ता कर बसविण्यास सांगते. म्हणजे कर आणि कर्तव्य एकाच कायद्याच्या पोटातून जन्मलेले आहेत. कलम ४९ मध्ये कुठेही असे लिहिलेले नाही की, अमुक वस्तीत ही कामे परिषदेच्या पैशातून करावीत आणि तमुक वस्तीत समाजकल्याणाच्या पैशातून. ही वाटणी कायद्याने केलेली नाही, ती नगरपालिकेच्या टेबलावर झालेली आहे आणि ती जातीवर आधारलेली आहे असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

मग दलित वस्तीचा निधी कशासाठी? वर्षानुवर्षे या वस्त्या मागे ठेवल्या गेल्या, त्यामुळे जो अनुशेष साचला तो भरून काढण्यासाठी. १९७९-८० पासून देशात विशेष घटक योजना आली, तिचा गाभाच हा होता की, सर्वांना जे मिळते ते मिळाल्यावर अनुसूचित जातींसाठी वेगळे, वरचे असे काही मिळावे. नागरी दलित वस्ती सुधारणा योजना, जिला पुढे अण्णाभाऊ साठे यांचे नाव देण्यात आले, ती याच धारेतली. हा पैसा पूरक आहे, पर्यायी नाही. परंतु प्रत्यक्षात काय होते? मुख्याधिकारी अंदाजपत्रक करताना आधीच गृहीत धरतात की, भीमनगर, मिलिंदनगर, अण्णाभाऊ साठे नगर या भागांची गटारे ‘दलित वस्ती’तून होतील. त्यामुळे परिषदेचा स्वतःचा पैसा, ज्यात आमच्याही कराचा वाटा आहे, तो निर्धोकपणे दुसऱ्या प्रभागांकडे जातो. तिकडे दुसऱ्यांदा डांबर पडते, दुभाजकात झाडे लागतात, चौकात कारंजे उडते. आमच्या वस्तीला मिळते ते निधी आला त्या वर्षी एक सिमेंटची गल्ली, आणि निधी आला नाही त्या वर्षी काहीच नाही. म्हणजे जो पैसा आमच्यासाठी ‘जास्तीचा’ म्हणून आला, त्याने आमचे काही वाढले नाही, नगरपरिषदेचे ओझे तेवढे हलके झाले. अनुशेष तसाच राहिला आणि आकडेवारीत मात्र दलितांवर एवढे कोटी खर्च झाले अशी टिमकी वाजली.

हीच सवय वरपर्यंत आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेसाठी वळविण्यात आले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवू नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ साली कायदे केले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी करून चळवळीतल्या कार्यकर्त्यांचे केस पांढरे झाले. असो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

नगरपालिका, सार्वजनिक पैसा आणि आमचा हक्क या तिन्हींचा संबंध आम्हांला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. आमच्या चळवळीचा जन्मच मुळी एका नगरपालिकेच्या तळ्यावर झाला! ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालविली जाणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, इतिवृत्तात लिहिला गेला, आणि तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे ओंजळभर पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. पुढे काय झाले ते आमच्या तरुण पिढीने जरूर लक्षात ठेवावे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! मग डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावला, मनाई हुकूम आणला, आणि तो दावा शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला. दहा वर्षे एका वकिलाने एका तळ्यासाठी कोर्टकज्जा केला. आज चवदार तळ्याची आठवण काढताना आम्ही सत्याग्रहाची आठवण काढतो, ते योग्यच आहे. पण त्या लढ्यात नगरपालिकेचा एक ठराव, त्याची अंमलबजावणी न होणे, तो रद्द होणे आणि दिवाणी दावा हे सगळे होते, याचा विसर आम्हांला पडत चालला आहे. ठराव होणे म्हणजे पाणी मिळणे नव्हे, हे १९२४ ते १९२७ या तीन वर्षांनी शिकविले आहे.

घटनेच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तळी, रस्ते यांचा उल्लेख करताना ‘राज्याच्या निधीतून’ चालविलेली असे शब्द आहेत. ते शब्द तिथे उगाच आलेले नाहीत. पैसा सार्वजनिक असेल तर त्यातून उभे राहिलेले सर्वांचे, हे तत्त्व महाडच्या तळ्यातून घटनेत आले. बाबासाहेब सार्वजनिक अर्थशास्त्राचे पंडित होते, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. कर कोणाकडून घेतला आणि खर्च कोणावर झाला हा प्रश्न त्यांना नेमका कळत होता. दुर्दैवाने त्यांच्या अनुयायांच्या घरी मात्र कराचे बिल आले की ते फडताळात भांड्याखाली जाऊन बसते.

म्हणून आता थोडे बिलाविषयी बोलू. यात कायद्याचा कंटाळवाणा भाग आहे, पण पैसा तिथेच जातो.

मालमत्ता कर हा घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर बसतो. घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज करायचा, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, उरते ते करयोग्य मूल्य. वार्षिक भाडेमूल्य ४००० रुपये धरले तर ४०० वजा जाऊन ३६०० वर कर लागतो. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या अंदाजाचा. हा अंदाज शहराचे झोन पाडून आणि बांधकामाचा प्रकार पाहून होतो. आता बघा, आमच्या अनेक वस्त्या बसस्थानकामागे, बाजारपेठेच्या पाठीला, नाल्याच्या काठाला आहेत. नकाशावर त्या मुख्य रस्त्याच्या झोनमध्ये येतात. त्यामुळे नाल्याकाठच्या पत्र्याच्या खोलीला कापडपेठेचा दर लागतो! आता तर बहुतेक ठिकाणी मोजणीचे काम खाजगी कंपनीला दिलेले असते. त्यांची पोरे टॅब घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी राहतात, वरून काढलेल्या फोटोत छप्पर मोजतात आणि दारात पाऊल न टाकता ‘आर.सी.सी.’ असा शिक्का मारून मोकळी होतात. आजींच्या पत्र्याचे स्लॅबमध्ये रूपांतर असे झाले. तथागतांच्या काळात ऋद्धीचे चमत्कार सांगितले जात, आता कंत्राटदार करतो!

आजींच्या बिलात आणखी एक गंमत होती. त्यात रोजगार हमी कर लावलेला होता. हा कर निवासी वापराच्या घराला लागत नाही. खिडकीतल्या दुकानासाठी फार तर तेवढ्या जागेचा वापर बिगर-निवासी धरता येईल, राहत्या खोल्यांचा नाही. परंतु संपूर्ण घर ‘व्यापारी’ म्हटल्यावर हा करही संपूर्ण घरावर आला. शिवाय थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. सावकारालाही लाज वाटेल असा हा दर. चुकीची आकारणी, ती परवडत नाही म्हणून थकबाकी, थकबाकीवर शास्ती, आणि मग ‘या वस्तीची वसुलीच नाही, सुविधा कुठून देणार?’ असा उलटा ठपका!

मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर माफ झाला. चांगलेच झाले, त्यात आमचीही हजारो माणसे आहेत. पण ती सवलत मुंबई महापालिकेच्या कायद्यातील आहे. लहान गावातल्या दोनशे चौरस फुटांच्या पत्र्याने असा काय गुन्हा केला, हे विचारण्याचा हक्क आम्हांला आहे.

वसुली नाही म्हणून सुविधा नाही या सबबीला सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच उत्तर दिलेले आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध तक्रार केली. दंडाधिकाऱ्याने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली नगरपालिकेला नाल्या बांधण्याचा हुकूम दिला. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसा नाही. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नगरपालिकेचे अपील फेटाळले. पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला आपल्या कायदेशीर कर्तव्यातून सुटता येत नाही, हा त्या निकालाचा अर्थ आहे. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ही तरतूद कलम १५२ मध्ये आहे. कायदा बदलला, हत्यार गेलेले नाही. आमच्या किती तरुण वकिलांनी हे हत्यार आपल्या वस्तीच्या गटारासाठी उपसले? आम्ही स्वतःला धरूनच हा प्रश्न विचारतो. आम्हीही वर्षानुवर्षे जामीन आणि वारसदाखल्यांत गुंतलेलो आहोत.

आता आमच्याच घरातली घाण. ती झाकून ठेवणे म्हणजे वाचकांशी बेइमानी होईल. दलित वस्तीचा निधी आला की सर्वांत आधी समाजमंदिराचा प्रस्ताव का तयार होतो? कारण त्यात टक्केवारी सोपी असते आणि कोनशिलेवर नाव लागते. नळाच्या पाईपावर कोणाचे नाव लागत नाही. ठेकेदार आता आपलाच असतो, नगरसेवक आपलाच असतो, आणि सहा महिन्यांत उखडलेली गल्लीही आपलीच असते. राखीव जागेवर निवडून आलेला आपला प्रतिनिधी सर्वसाधारण सभेत तोंड उघडत नाही, कारण त्याला तिकीट वस्तीने नाही तर पक्षाच्या शेठने दिलेले असते. शहराची गटारे उपसणारा सफाई कामगार ज्या गल्लीत राहतो, त्या गल्लीचे गटार तुंबलेले राहते, आणि त्याच गल्लीतला नगरसेवक नव्या गाडीतून ते ओलांडून जातो. अशा वेळी केवळ मनुवाद्यांच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेक बांधव कराची पावती जपून ठेवतात आणि समजतात की, घर आपल्या नावावर झाले. तसे नाही. कर भरल्याची पावती ही ताब्याचा आणि रहिवासाचा पुरावा म्हणून उपयोगी आहे, ती जरूर जपावी, पण तिने जागेची मालकी मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, बांधकाम अनधिकृत ठरविले तर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ती भरली तरी बांधकाम नियमित होत नाही. पिंपरी-चिंचवडला या शास्तीकराविरुद्ध लोक वर्षानुवर्षे रस्त्यावर आले, तो निवडणुकीचा मुद्दा झाला आणि २०२३ साली सरकारला तो माफ करावा लागला. तिथे संघटित मतदार होता. गायरानावरच्या, जुन्या वतनी जमिनीवरच्या आमच्या वस्त्यांत तीच शास्ती येते तेव्हा कोणी विचारतसुद्धा नाही. जागा नावावर नाही म्हणून घरकुलाचा हप्ता नाही, आणि जागा नावावर नाही म्हणून दुप्पट कर! त्यामुळे जागेच्या पट्ट्याचा प्रश्न कराच्या प्रश्नापासून वेगळा काढता येणार नाही.

हे सर्व आजच लिहिण्यास कारण आहे. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांच्या मुदती २०२१-२२ पासून संपत गेल्या आणि तिथे प्रशासक बसले. कर ठरविणारे तेच, खर्च करणारे तेच, आणि हरकत ऐकणारेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. म्हणजे प्रश्न विचारायला पुन्हा कोणीतरी समोर आहे. पूर्वी, इंग्रजी अमदानीत, नगरपालिकेचे मत हे मालमत्ता आणि कराच्या भरण्यावर अवलंबून असे. ज्याच्याकडे घर नाही त्याला मत नाही. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली होती. आज आमच्याकडे मतही आहे आणि करही आम्ही भरतो. दोन्ही दिल्यावर हिशेब मागायला काय हरकत आहे?

मागायचे ते नेमके मागावे. ‘आमच्या वस्तीकडे लक्ष द्या’ असे निवेदन देऊन फोटो काढून घेण्याचा काळ गेला. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तीन गोष्टी मागाव्यात. एक, गेल्या पाच वर्षांत आपल्या प्रभागातून किती मालमत्ता कर गोळा झाला. दोन, परिषदेच्या स्वनिधीतून आपल्या प्रभागात कोणती कामे झाली. तीन, दलित वस्तीच्या निधीतून कोणती कामे झाली आणि दुर्बल घटकांसाठी अंदाजपत्रकात राखून ठेवलेला पाच टक्के निधी कुठे गेला. या तिन्हींची उत्तरे एकाखाली एक मांडली की, आम्ही वर जे म्हटले ते खरे की खोटे हे ज्याच्या त्याच्या वस्तीत ज्याला त्याला दिसेल. दुसरा रकाना कोरा निघाला तर तो कागद घेऊन सर्वसाधारण सभेच्या दाराशी बसावे.

आकारणीवर हरकत घेण्याची मुदतही पाळावी. चार वर्षांनी फेरआकारणी होते तेव्हा कलम ११९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी तीस दिवस मिळतात. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, घराचा फोटो आणि मापे जोडावीत. सुनावणीला प्राधिकृत मूल्य निर्धारण अधिकारी बसतो, बहुधा तो नगररचना खात्याचा असतो आणि त्याला वस्ती माहीत नसते, म्हणून त्याला स्थळपाहणीची लेखी विनंती करावी. हे तीस दिवस गमावले की पुढचा मार्ग अपिलाचा, आणि अपिलात जायचे तर मागणीची रक्कम आधी भरावी लागते. गरिबाचे अपील तिथेच मरते.

आजींच्या वस्तीत ही मुदत अजून अकरा दिवस बाकी आहे. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर तिथल्या विहारात आम्ही टेबल मांडून बसणार आहोत. आतापर्यंत त्रेचाळीस बिले आमच्याकडे आली आहेत, वस्तीत घरे त्याहून कितीतरी जास्त आहेत. ज्यांनी बिल भांड्याखाली ठेवले असेल त्यांनी ते काढावे, जुन्या पावत्या असतील त्या आणाव्यात, आणि शक्य झाल्यास घर मोजायला एक टेपही सोबत आणावी.